सगळ्या मीच

गर्भ मोहरीएवढाही नव्हता, तेव्हाची गोष्ट. मी त्यातली एक पेशी. हाड, डोळा, काळीज, मनात आलं तर काहीही होईन, असा माझा तोरा! एकीच्या दोन होण्याआधी माझ्यातलं एक म्हातारं जनुक दरवेळी म्हणायचं, "थांब बाई, काय व्हायचंय ते आधी ठरव."

एकदा घाईघाईत स्वतःची नक्कल उतरवताना ते जनुकच गळालं. "सुटले!" म्हणत मी अतिशहाणी दोनाच्या चार, चाराच्या आठ होत सुटले. शेजारीण मात्र आपल्या जनुकाचं ऐकून थांबली. मी तिला खूप हसले.

आता ती काळजात धडधडते. परवा तिनं विचारलं, "तू काय झालीस गं?"

आम्ही सगळ्या एका सुरात म्हणालो, "पुष्कळ!"