निवळखोऱ्याचा उष्टा नैवेद्य

निवळखोऱ्याच्या ओढ्यात, अगदी काठाला, काळ्या कातळात दोन वाट्या आहेत. एक मोठी, परातीएवढी. दुसरी तिच्या कुशीत, तान्ह्या लेकराच्या वाटीएवढी. मोठीत नैवेद्य ठेवतात, धाकटी रिकामी. आमच्या गावापासून हे ठिकाण इतकं जवळ, पण वाट वाकडी करून इथं यायचं कधी सुचलं नव्हतं. यंदा मार्गशीर्षातल्या मंगळवारी मी नि माझ्या जाऊबाई आलो.

इथं नैवेद्यासाठी आपण कधी न केलेला पदार्थ आणायचा, अशी रीत. जाऊबाईंनी झाकलेला डबा पुढं केला, तशी कातळाजवळ बसलेली, इथली रीत सांगणारी अनसामावशी म्हणाली, "आधी तुम्ही खावा."

जाऊबाई दचकल्या. "अहो, नैवेद्य आहे हा! उष्टा कसा करायचा?"

"साळू बी हेच म्हनली व्हती," मावशी म्हणाली. "बसा जरा. सांगते."

फार मागं, सलग काही वर्षं पाऊस नव्हता तेव्हा, इथं साळू नावाची बाई राहत होती असं सांगतात. नवरा गुरं घेऊन घाटाखाली उतरलेला. घरात साळू आणि गोजी, तिची एकुलती लेक. किती व्रतं केली तेव्हा ती पोर पदरात पडली होती. म्हणून साळू मार्गशीर्षातले मंगळवार पाळायची. दिवसभर पाण्याचा थेंब नाही, आणि सांजेला देवीला दाखवल्याशिवाय अन्नाला जीभ लावायची नाही.

कणगी रिती झाली तेव्हा साळू कारवीच्या दरीत उतरली. तिकडं कुणी जात नसे. तिला एक जाडजूड कंद मिळाला, आतून पिवळाधमक. मंगळवारच होता. तिनं तो हौसेनं शिजवला.

शेजारची म्हातारी म्हणाली, "साळे, अनोळखी वस्तू हाये. चाखून तरी बघ."

"आज माझा मंगळवार, आत्ती. देवीच्या आधी कशी चाखू?"

गोजी चुलीपाशीच घोटाळत होती. "आये, येवढुसाच दे ना."

"देवीचा झाला की तुझाच हाय, माझे बाय."

पोर शहाणी. हात मागं घेऊन बसून राहिली. साळूनं नैवेद्य दाखवला, डोळे मिटून हात जोडले, आणि प्रसादाचा पहिला घास लेकीला भरवला. आपल्या तोंडी घास घालणार, तोच गोजी पोट धरून कळवळली. दिवा विझायच्या आत ती आईच्या मांडीवर गार झाली.

साळू रडली नाही, म्हणे. तिनं पत्रावळ रिकामी करून देवीपुढं ठेवली. "तुला नि लेकीला मी न चाखलेलं वाढलं. आता माझ्या जिभेवर ठेवल्याबिगर कुनाला काही द्यायची न्हाई. तुलासुदिक न्हाई."

मग ती त्याच दरीत गेली. रोज एखादा पाला, एखादं मूळ आणायची. कणभर जिभेवर ठेवायची आणि वाट बघायची. कधी तोंड सुजे, कधी उलट्यांनी लोळागोळा होऊन पडे. ज्यानं काही होत नसे, ते गावात वाटायची. पण त्या पिवळ्या कंदाचा नाद तिनं सोडला नाही. उकडून पाहिला, राखेत पुरून पाहिला. शेवटी त्याच्या पातळ चकत्या करून टोपलीत भरल्या आणि टोपली ओढ्याच्या उरल्यासुरल्या धारेत बांधून ठेवली. कडूपणा वाहून गेल्यावर चकत्या शिजवल्या, एक तोंडात घातली. आणि मग जे ओरडली, ते साऱ्या खोऱ्यानं ऐकलं.

"गोड हाय गं, गोजे! गोड हाय!"

तेव्हा कुठं ती रडली.

त्या कंदावर गाव जगलं. साळूनं गावातल्या एकेक पोराला आपल्या हातानं घास भरवला. प्रत्येक घास आधी स्वतः चाखून. पुढं एकदा ती दरीत गेली ती परतलीच नाही. टोपली तेवढी या कातळाला अडकलेली सापडली. ती बाजूला केली तर खाली या दोन वाट्या दिसल्या. त्या आधी कुणीच पाहिल्या नव्हत्या, असं म्हणतात.

मावशीनं डब्याकडं बोट केलं. जाऊबाईंनी डबा उघडला आणि पुन्हा झाकण लावायला घेतलं. त्यांचाही मंगळवार होता. मावशी हळूच म्हणाली, "उपास मोडत न्हाई बाई. आईचा घास हाय तो." त्यांनी एक तुकडा जिभेवर ठेवला, आणि मग उरलेलं मोठ्या वाटीत वाढलं. दोन्ही हात जोडले. मीही जोडले.

निघताना मावशीनं हातावर दिलेल्या प्रसादातला चिमूटभर माझ्या हातात उरला होता. तो मी धाकट्या वाटीत ठेवू गेले, तशी मावशीनं माझं मनगट धरलं.

"त्यात न्हाई, माय. ती गोजीची. तिच्या आयेनं भरायची हाय."

आजही निवळखोऱ्यात घरची बाई पहिला घास स्वतः खाते, मगच देव, मगच लेकरं. आजही नवा पदार्थ उष्टा करूनच मोठ्या वाटीत वाढतात. आणि धाकट्या वाटीत पडलेलं पान कुणीतरी रोज सकाळी बोटानं काढून टाकतं. साळू येईल तेव्हा वाटी स्वच्छ असावी म्हणून.