बुरुडाच्या लेकीची गाठ

"मेला तो," कंदरक म्हणाला. "मेलेल्या माणसाला आता नाव चांगलं काय अन् वाईट काय?"

"त्याला नसेल. मला आहे," उत्पला म्हणाली. "कुठं दोर सुटला, की लोक 'वैद्याची गाठ' म्हणून हसतात. वैद्यानं गाठ बांधलीच नव्हती. ती या बुरुडाच्या लेकीनं बांधली होती. उद्या सभेत जा आणि सांगा, की ती सैल नव्हती."

कंदरकाने ताट बाजूला सारले. सकाळी मीठ घेऊन आलेल्या व्यापाऱ्यांनी वेशीत बातमी सांगितली होती, आणि तेव्हापासून नवरा-बायकोचे हे असे चालले होते.

हे सारे फार पूर्वी घडले. अश्मक देशातल्या पोतली नगरीत राजा सुदर्प राज्य करीत असताना बोधिसत्त्व घोड्यांचे वैद्य म्हणून जन्मले होते. बोलणे थोडे, हात हलका. राजाचा पांढराशुभ्र घोडा पांडर आणि त्याला लहानाचा मोठा करणारा अश्वपाल कंदरक, या दोघांशी त्यांची रोजची गाठभेट. पांडर दाणा खायचा तो फक्त कंदरकाच्या हातून. दुसऱ्याने घमेले पुढे केले तर तोंड फिरवायचा. याचा कंदरकाला केवढा अभिमान! घोडा माझ्या शब्दाबाहेर नाही, असे तो चारचौघांत सांगे.

एका लढाईत नदीच्या उतारावर राजावर आलेला भाला पांडरने आपल्या अंगावर घेतला. उजव्या खांद्याच्या फऱ्यामागे वीतभर जखम झाली. वैद्यांनी ती कडुलिंबाच्या पाण्याने धुतली, शिवली, मध-तुपाचा लेप दिला. राजा म्हणाला, घोडा वाचला तर तळ्याकाठचे घर तुमचे. जखम पुन्हा फुटली तर या नगरात राहू नका.

पंधरा दिवसांनी खपली धरली आणि खरे संकट तिथेच सुरू झाले. जखम सडत असते तेव्हा जनावर गप्प पडून राहते. भरत आली की तिला खाज सुटते. पांडर मान वळवून दातांनी खपली उचकटू पाहू लागला. तेव्हा वैद्यांनी उत्पलेला बोलावले. ती बुरुडाची लेक; बांबूची कांबटे तासून तिने त्यांची माळ ओवली आणि घोड्याच्या गळ्यात बांधली. जबड्यापासून छातीपर्यंत कांबटे अशी उभी राहिली, की मान वळेना. वैद्यांनी कंदरकाला बजावले, "दहा दिवस ही काढायची नाही. तो पाय आपटील, तुझ्या खांद्यावर डोके ठेवून विनवील. तेव्हाही नाही."

सहा दिवस कंदरकाने कळ सोसली. सातव्या दुपारी पांडर थरथर कापत होता, अंगभर घाम, आणि डोळे असे, की दगडालाही पाझर फुटावा. कंदरकाला वाटले, या वैद्याला माया कुठली! आपण समोर उभे असताना घोडा वेडेवाकडे करणार नाही. त्याने गाठ सोडली. पांडरने खरेच त्याच्या खांद्यावर मान टाकली आणि सुस्कारा सोडला. कंदरकाचे मन भरून आले. त्याला पाणी पाजावे म्हणून तो बादलीकडे वळला. तेवढ्यात घोड्याने मान वळवली.

टाके तुटले. रक्ताची धार लागली. कंदरकाने माळ पुन्हा गळ्यात घातली, खुंट्याला दोर बांधतात तशी गाठ मारली आणि मगच वैद्यांना हाक दिली. थोड्याच वेळात उत्पला त्याची शिदोरी घेऊन आली, ती गर्दी पाहून दाराशीच थांबली. राजाही आला. माळ असताना दात जखमेपर्यंत पोचले कसे, असे त्याने विचारले.

वैद्यांनी गाठीकडे पाहिले. मग कंदरकाकडे. रक्ताने माखलेल्या तोंडाने घोडा त्याचाच तळहात शोधत होता. वैद्यांनी ते पाहिले आणि म्हणाले, "महाराज, माळेची जबाबदारी माझी. दोष माझा."

एक शब्द बोलले असते तर घर त्यांचे होते. पण मग कंदरक हद्दपार झाला असता, आणि पांडरने दाणा सोडून जीव दिला असता. वैद्यांनी राजाकडे फक्त दोन घटका मागून घेतल्या. जखम पुन्हा शिवली, लेप कसा करायचा ते कंदरकाला दोनदा सांगितले आणि वेशीबाहेर चालते झाले. मागे वळून पाहिले नाही, रागावलेही नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते, असे कंदरकाला पुढे कितीदा वाटले.

या खेपेस माळ एक दिवसही निघाली नाही. पांडर वाचला. वैद्याने गाठ सैल बांधली होती, असे नगराने धरले आणि तशी म्हणच पडली. तळ्याकाठचे घर कंदरकाला मिळाले. पुढच्या वर्षी वैद्यांना शोधून आणू, असे तो मनाशी म्हणे. पुढचे वर्ष तीनदा आले. आणि आज मीठवाल्यांनी सांगितले, की सीमेवरच्या पांथशाळेत एका गाढवाच्या खुराला लेप लावता लावता तो म्हातारा गेला.

"बरी झालेली जखम कशाला उकरतेस?" कंदरक आता ओरडलाच. "गाठ सैल होती. सगळं नगर म्हणतं. मला काय ठाऊक?"

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, विहारात सांगितली, ती एका भिक्षूला समोर बसवून. स्वतःची चूक सोबत्याच्या माथी जाऊ देऊन तो गप्प राहिला होता, आणि सोबती निघून गेल्यावर रडत होता. शास्ते म्हणाले, "तेव्हाचा कंदरक तू. उत्पला म्हणजे तुला हाताला धरून इथे घेऊन आलेली ही उपासिका. पांडर घोडा म्हणजे तो लंगडत चालणारा वृद्ध थेर भिक्षू. आणि वैद्य मीच होतो. समोरच्याची तडफड पाहवत नाही म्हणून गाठ सोडणे ही करुणा नव्हे, भिक्षू. ते आपल्याच जिवाला लागलेले दुःख टाळणे झाले. त्याची तडफड आपल्या डोळ्यांनी पाहत त्याच्यापाशी बसून राहणे, याला करुणा म्हणतात."

तिकडे पोतलीत, भांडणाच्या दुसऱ्या दिवशी कंदरक सभेत उभा राहिला आणि सारे बोलला. नगराने म्हण टाकून दिली. पण ऐकायला वैद्य नव्हते. त्याला सभेपर्यंत नेले ते त्या भांडणातल्या शेवटच्या वाक्याने. मला काय ठाऊक, असे तो म्हणाला तेव्हा उत्पलेने त्याने बाजूला सारलेले ताट उचलले. मग हळूच म्हणाली, "त्या दुपारी मी दारातून गाठ पाहिली, ती माझ्या हातची नव्हती, तुमच्या हातची होती, आणि तरी तीन वर्षं मी या घरात तुमच्याबरोबर जेवले."