सरकलेला बाण

माणसं संगणकावर यंत्रांची चित्रं काढू लागली, त्या काळची गोष्ट. बॉयलरच्या चित्रात एक बारीक बाण होता. त्याच्या शेपटाशी ‘वाफ सोडण्याचा व्हॉल्व्ह’ असं लिहिलेलं, आणि टोक नेमकं त्या व्हॉल्व्हवर.

शेजारचे बाण कुरकुरले, “आम्हाला आडवा येतोस. जरा सरक की!”

“मग टोक भलत्याच व्हॉल्व्हवर जाईल.”

“एवढं कोण बघतंय?”

भिडेपोटी तो सरकला. चित्र छापून बॉयलरजवळ लागलं.

एकदा वाफेचा दाब भलताच वाढला. नवा कामगार केरबा चित्राकडे धावला. बाणावर बोट ठेवून म्हणाला, “हाच!”

“तो नव्हे रे, शेजारचा!” बाण जीव तोडून ओरडला. माणसाला ते कुठलं ऐकू येणार? केरबानं भलताच व्हॉल्व्ह फिरवला, आणि कोंडलेली वाफ फुटून त्याच्या अंगावर आली.

केरबाला बाहेर नेलं ते चादरीत गुंडाळूनच. कागदावर छापलेल्या बाणाला आता हलताही येईना.