तळघराची किल्ली

“पण फादर, मी नक्की मरणार ना?”

बॅरन राल्फने तिसऱ्यांदा विचारलं. मांडीतली बाणाची जखम सडली होती, ताप हटत नव्हता, आणि उशाशी म्हातारे फादर ओस्विन मठातला काळा झगा घेऊन उभे होते.

त्या काळी इंग्लंडातल्या सरदारांची ही रीतच! जन्मभर कापाकापी करायची आणि मरताना संन्याशाचा झगा चढवायचा, की पापं माफ. पण त्यात एक मेख होती. झगा घालून माणूस जगलाच, तर उरलेलं आयुष्य मठात काढायचं. किल्ला मुलाचा.

आणि मुलगा? एकुलता एक जाइल्स चार वर्षं तळघरात कोंडलेला. का, तर जेवताना हसत म्हणाला होता, “बाबा, आता किल्ला मी सांभाळतो.” एवढंच! राल्फच्या मनात संशय शिरला, तो कायमचा. पोराची आई त्या दाराशी रडून रडून मेली, तरी या बाबाला पाझर फुटला नाही. किल्ली त्याच्या गळ्यातच.

“घाला तो झगा,” राल्फ कण्हला.

फादरनी हात पुढे केला. “आधी अंगावरचं सगळं काढून दे.”

राल्फने तलवार दिली. अंगठी दिली. मग थांबला.

“किल्लीसुद्धा?”

फादरनी मान डोलावली.

“अहो, तो सुटला तर माझ्या उरावर बसेल! मी ओळखतो त्याला. माझंच रक्त आहे. मी माझ्या बापाला...”

पुढचं राल्फने गिळलं.

फादरचा हात तसाच पुढे होता.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! शेवटी मुलापेक्षा नरकाची भीती जास्त वाटली, म्हणून राल्फने गळ्यातली दोरी तोडली आणि किल्ली त्या हातावर टाकली. फादर खाली गेले. यानं लगेच उशीखालचा खंजीर काढला आणि दाराकडे डोळे लावून पडून राहिला.

बऱ्याच वेळाने जिन्यावर पावलं वाजली. एकाच माणसाची.

“कुठंय तो? शिपाई गोळा करतोय ना? काय म्हणाला, सांगा!”

फादर पलंगाच्या कडेला बसले.

“दार सताड उघडून आलोय. तो उंबऱ्याच्या आतच बसलाय... म्हणतो, बाहेर येऊ का, बाबांना विचारून या.”