राणीची घागर आणि दारावरचा पहारेकरी

सोनखांब गावात गिरमाजी नावाचा एक कथेकरी राहत होता. गोष्टीत नुसता वाटसरू आला, तरी गिरमाजी त्याची सासुरवाडीसुद्धा सांगून टाकायचा. गावाला हिवाळ्यात वेळच वेळ असे, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती.

एका उन्हाळ्यात राजाने वरच्या तलावाची मोरी बंद केली. पाणी फक्त किल्ल्याला मिळू लागले. खाली सोनखांबची गुरे माना टाकू लागली. राजाला गोष्टींचा नाद होता, म्हणून गावाने गिरमाजीला गाऱ्हाणे घेऊन पाठवले. सोबत त्याची बायको येसाबाई गेली.

राजा म्हणाला, "एक घटका देतो. गोष्ट पुरी झाली आणि मला पटली, तर मोरी उघडेन. नाही तर परत यायचं नाही."

पाण्याच्या घंगाळात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडली. ती भरून बुडेपर्यंत बोलायचे.

गिरमाजीने सुरुवात झकास केली. दुष्काळ पडला आहे, किल्ल्याबाहेर माणसे पाण्यावाचून तळमळत आहेत, दार उघडायला राजाची मनाई आहे. तरी राणी स्वतः घागर उचलते आणि दाराशी येते. दारावर पहारेकरी उभा आहे.

इथे गिरमाजीला राहवले नाही. पहारेकऱ्याचे आजोबा आले, आजोबांची केशरी पगडी आली, त्यांनी जिंकलेली कुस्ती आली. मग पहारेकऱ्याचे लग्न, लग्नात रुसलेला मामा, मामाची घोडी. वाटी निम्मी भरली. राणी घागर घेऊन तशीच उभी होती.

येसाबाईच्या डोळ्यांपुढे गोठ्यातली तान्ही कालवड होती. ती हळूच म्हणाली, "अहो, राणीचे हात भरून आले. दार उघडू द्या त्याला!"

गिरमाजी मामाच्या घोडीवरून उतरायला तयार नव्हता. तेवढ्यात राजाच म्हणाला, "या पहारेकऱ्याला राजाची मनाई होती. दार उघडलं, तर मान जाईल. हा दार उघडेलच का?"

गिरमाजी दचकला. त्याने घंगाळाकडे पाहिले. वाटीची कड पाण्याला टेकत आली होती. पहारेकऱ्याबद्दल त्याच्याकडे अजून ढीगभर होते. ते सगळे त्याने गिळले.

"महाराज," तो म्हणाला, "मागच्या उन्हाळ्यात याच दाराबाहेर त्याची लेक पाण्यावाचून गेली होती. त्याने दार उघडलं. राणीने पाणी वाटलं. राजाने सज्जातून ते पाहिलं, खाली आला आणि त्यानेही घागर उचलली."

वाटी बुडाली.

येसाबाईने पदर मुठीत आवळून धरला होता. राजाने कारभाऱ्याला हाक मारली. "मोरी उघडा. आत्ताच."

निघताना गिरमाजीने मुजरा केला, तेव्हा राजाने विचारले, "त्या आजोबांच्या पगडीचा रंग कोणता सांगितलास? माझ्या लक्षात राहिला नाही. ती पोर मात्र आता डोळ्यांपुढून हलायची नाही."

तात्पर्य: गोष्टीतल्या दुय्यम माणसाची सगळी हकिगत सांगणाऱ्याने मनात ठेवावी, ऐकणाऱ्याला तेवढीच सांगावी, जिच्यामुळे तो माणूस तसा का वागला ते कळते.