दिगू एकटा का आला होता

“खोटं बोलू नका, अक्का. तो आला होता.”

“मी कवा म्हनलं, न्हाई आला?”

“एकटा आला होता.”

“दोन पायांवर आला हुता. माणसं मोजायला मी काय टोलनाक्यावर बसलीय?”

माणिक इंगवले ओट्याच्या कडेला उभा होता. बस म्हणून बयाक्कानं दोनदा सांगितलं, पण तो बसला नाही. रागानं आलेला माणूस टेकला की निम्मा निवतो, हे त्याला ठाऊक होतं. निम्म्या रागानं त्याला परत जायचं नव्हतं.

येरळा नदीच्या काठाला, गावापासून जरा लांब, नाथांचा एक मठ आहे. मठाच्या मागं पत्र्याची खोली, पुढं सारवलेला ओटा, समोर चिंचेचं थोराड झाड. तिथं बयाक्का राहते. वय पंच्याहत्तरच्या पुढं कुठंतरी. लहानपणी तमाशाच्या फडात नाचायला म्हणून आणलेली पोर. एका जत्रेत सोंगाड्या पिऊन तंबूमागं पडला आणि पुढं लोक शिट्ट्या मारत बसलेले. हिनं त्याची टोपी काढून आपल्या डोक्यावर घातली, ती तीस वर्षं उतरवली नाही. बाई सोंगाड्या झाली म्हणून कुणी हसलं नव्हतं. तिनं हसवलं, तेव्हा हसले. शाळा दुसरीपर्यंत. तिला शिकवायला कुणी नाही.

पण तिनं शिकवलं. दोघांना. एक दिगू आणि दुसरा हा माणिक.

दिगू म्हणजे दिगंबर फडतरे. टीव्हीवरच्या छोट्या प्रहसनांतला दिगू. तो पडद्यावर आला की जेवणारं घर घास हातात धरून बसायचं. आजारी माणसं उशी मागून घ्यायची. अडतिसावं वर्ष लागलं होतं. एके सकाळी बायको सुलभा चहाला उठवायला गेली, तर उठला नाही.

त्याला आज चोवीस दिवस झाले होते.

“अक्का, तुमचाच नियम,” माणिक म्हणाला. “याल तर दोघं या. एकाचं गाऱ्हाणं ऐकणार नाही. पंधरा वर्षांत मी एकदा तरी एकटा आलो का?”

“आज आलास की.”

“आज कुणाला घेऊन येऊ?”

बयाक्कानं ओट्यावर पडलेला चिंचोका बोटानं खाली ढकलला.

झाडाखाली सहा-सात बाया चिंच फोडत बसल्या होत्या. दगडावर चिंच, वर छोटा हातोडा. टक… टक… टक. माणिकला तो आवाजही मुद्दाम चाललाय असं वाटत होतं. ह्या ऐकतायत. गावात जाऊन सांगणार.

“सुलभावहिनी तेराव्याला सहज बोलून गेल्या,” तो आवाज उतरवून म्हणाला. “गेला त्याच्या आधीच्या सोमवारी म्हणे अक्कांकडं जाऊन आला. मला म्हणाला होता, दाताच्या डॉक्टरकडं चाललोय.”

“दात दुखत हुता त्याचा. इथं बी गाल धरून बसला हुता.”

“विषय बदलू नका!”

“बरं.”

“जोडी मोडायला आला होता ना?”

…

“शनिवारी साताऱ्याला शोकसभा आहे. मोठा हॉल घेतलाय. त्याचा केवढा फोटो लावणार आहेत. मला बोलायला उभं करणार. मी काय बोलू? तो मला सोडून निघाला होता का, तेवढं सांगा. निघाला असेल, तर मी त्या स्टेजवर पाय ठेवणार नाही.”

“आन् नसंल निघाला, तर?”

“तर जाईन. रडेन.”

“अजून रडला न्हाईस?”

“रडलो की.”

“कुठं?”

माणिक अडखळला. “…चॅनेलवाले आले होते, तेव्हा.”

“ते मी धरत न्हाई.”

हे त्याच्या वर्मी लागलं. “आणि तुम्ही? तुम्ही तर मातीलासुद्धा आला नाहीत. सगळे विचारत होते, गुरू कुठाय? मी काय सांगायचं?”

“मला न्यायला कोन आलं हुतं?”

त्या दिवशी सतरा गाड्या होत्या. स्वतः त्यानंच लावल्या होत्या, कोण कुठल्या गाडीत हेही त्यानंच ठरवलं होतं. त्यातली एक मठाकडं वळवायची कुणाला सुचलं नव्हतं. म्हणजे त्याला सुचलं नव्हतं.

“मी रेडिओवर ऐकलं,” बयाक्का म्हणाली. “कापसाच्या भावानंतर.”

टक… टक…

तरी माणिक मागं हटेना. पंधरा वर्षं त्यानं दिगूच्या शेजारी उभं राहून फक्त प्रश्न विचारले होते. कधी कंडक्टर, कधी हवालदार, कधी रेशनवाला, कधी वधूपिता. विचारायचं त्यानं, हशा घ्यायचा दिगूनं. पेपरात वर मोठ्या अक्षरांत दिगू असायचा आणि खाली बारीक, ‘सोबत माणिक इंगवले’. हे सोबत सोबत त्यानं पंधरा वर्षं गिळलं होतं. का, तर जोडी आहे. आणि जोडीतलाच माणूस दात दुखतोय सांगून गुरूकडं येतो?

“अक्का, पाया पडतो. काय ते एकदा सांगून टाका.”

“सोडणार हुता,” बयाक्का म्हणाली.

माणिकला थोडं बरंच वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. “बघा! मला ठाऊकच होतं.”

मग त्याची डावी भुवई हळूहळू वर चढली.

“पण हे तुम्ही मला वाटेला लावायला तर नाही ना म्हणत?”

“बरं. न्हवता सोडणार.”

“आता माझी समजूत घालताय.”

“मग तिसरं कुठलं आणू? दोनच हायती.”

“खरं ते सांगा!”

“त्या दोनातलं एक खरं हाय. दोन्ही तुला दिली. तुला एक बी पचंना, त्याला मी काय करू?” तिनं त्याच्या कपाळाकडं बोट केलं. “आन् ती भुवई आधी खाली घे. ती मी दिलीय तुला, फडावर वापरायला. घरात कशापायी घालून फिरतोस? तुझी बायको सांगत हुती, दुधाच्या पिशवीकडं बी असाच बघतोस म्हणून.”

झाडाखाली कुणीतरी फिस्सकन हसलं. माणिकनं वळून पाहिलं. सगळ्या खाली माना घालून चिंच फोडत होत्या.

खरंच, भुवई तिचीच होती. पोरं पहिल्यांदा तिच्याकडं आली तेव्हा दोघंही भोळी सोंगं करायची. बयाक्कानं चार दिवस पाहिलं आणि वाटणी केली. भोळेपणा दिगूला दिला आणि संशय याला. “एकानं कशावर बी विश्वास ठेवायचा, एकानं कशावरच न्हाई. दोघं बी भोळी असली तर मंडळी झोपत्याती,” असं म्हणाली होती. माणिकनं तो संशय इतका घोटला की अंगात मुरला. आता कुठली बाजू तिची आणि कुठली त्याची, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

“कंडक्टर कर,” बयाक्का म्हणाली.

“काय?”

“कंडक्टर. पिशवीचा.”

“कुठं?”

“हितं. ह्यांच्या म्होरं.”

“दिगूशिवाय?”

“शनवारी एकट्यालाच उभं ऱ्हायाचंय न्हवं तुला? राहून दाव.”

“हा काय डाव आहे तुमचा?”

“आधी कंडक्टर. मग तो काय बोलला, ते.”

माणिकनं तिच्याकडं रोखून पाहिलं. म्हातारी फसवतेय की खेळवतेय, कळेना. पण नाही म्हणालो तर आलो तसा परत जाणार, आणि तेराव्यापासून झोप अशी नव्हतीच. तो ओट्यावरून उतरला.

कंडक्टरचं प्रहसन ठाऊक नाही असं घर त्या जिल्ह्यात नव्हतं. एसटीत कंडक्टर येतो. एक बापुडा माणूस काखेत कापडी पिशवी घट्ट धरून बसलाय. पिशवीत जिवंत कोंबडी आहे, हे सगळ्या गाडीला माहीत. पिशवी हलते. माणूस म्हणतो, कसली पिशवी? कंडक्टर विचारतो, ही कुणाची? माणूस पिशवीत वाकून बघतो, वर बघतो आणि म्हणतो, “तिची.” एवढंच. पण ते ‘तिची’ म्हणताना दिगूचं तोंड असं व्हायचं, की एकदा नाट्यगृहात एका गृहस्थांची कवळी पुढच्या रांगेत गेली होती.

माणिक बायांसमोर उभा राहिला. मनातून त्यानं ठरवलं होतं, आपली वाक्यं एका दमात म्हणून टाकायची. मध्ये कशाला थांबायचं? कोण आहे बोलायला?

“तिकीट… तिकीट बोला.”

हातोडे थांबले.

“काका, पिशवीत काय आहे?”

पुढचं वाक्य त्याच्या ओठावर होतं. ते आलं नाही. पंधरा वर्षं तिथं थांबलेली जीभ तिथंच थांबली. किती वेळ, ते त्यानं मोजून कधीच ठरवलं नव्हतं. दिगूला खाली बघून वर बघायला जेवढा लागतो, तेवढा.

एक बाई हसली.

तो दचकला. “पिशवीत काय आहे, विचारतोय मी.”

…

आता दोघी-तिघी हसल्या. एकीनं पदर तोंडाला लावला.

“काही नाही? मग हलतंय काय?”

…

सगळ्या हसल्या. माणिकची कानशिलं तापली. मला हसतायत. एकटा उभा आहे, वेड्यासारखा हवेशी बोलतोय, म्हणून हसतायत. त्याचा आवाज आपोआप कडक झाला, आणि कंडक्टरचा आवाज त्या जागी कडकच लागतो.

“ही पिशवी कुणाची?”

…

तानूबाई नावाची एक म्हातारी पुढं बसली होती. तिचा हातोडा वरच्या वर राहिला. ती माणिककडं बघतच नव्हती. त्याच्या डाव्या अंगाला, जरा खाली बघत होती. दिगू उंचीला त्याच्या खांद्याला लागायचा.

“अगं बया बया,” तानूबाई म्हणाली, “तोंड बघा की कसं केलंय!”

आणि ती हसत हसत मागं कलली. तिच्या मांडीवरच्या चिंचा धुळीत गेल्या. बाकीच्या तर एकमेकींना धरून हसत होत्या. एकीला ठसका लागला.

माणिकनं डावीकडं पाहिलं.

झाडलेली जमीन होती. थोडी टरफलं. दुसरं काही नाही. पण तो स्वतः मात्र उजवीकडं सरकून उभा होता. एका माणसापुरता.

मेल्यावरही हशा त्यालाच, हे त्याच्या मनात आलं आणि तोंड कडू झालं. मग दुसरं काहीतरी येऊ लागलं, ते त्यानं येऊ दिलं नाही. तो तरातरा ओट्याकडं आला.

“तुम्ही ह्यांना शिकवून ठेवलंय.”

“व्हय,” बयाक्का म्हणाली. “सकाळधरनं तालीम चालू हाय. तानू तर चार दिस घरी जेवली न्हाई.”

“आमाला कशाला कोन शिकवतंय?” तानूबाई डोळे पुसत म्हणाली. तिचं हसू अजून जिरलं नव्हतं, आणि डोळ्यांचं पाणी पुसून संपत नव्हतं. “दिगू आमचा काय आजचा हाय व्हय रं, बाबा?”

तिच्या शेजारची बाई हसायची थांबली. मग तिच्या शेजारची. एकीनं नाक ओढलं. कुणी हातोडा उचलेना.

माणिकनं ओट्यावर हात टेकला.

“अक्का, केलं तुम्ही सांगितलं ते. आता शब्द पाळा.”

“पाळते.”

“तो त्या दिवशी इथं बसला होता.”

“जिथं तुझा हात हाय, तिथं.”

माणिकनं ओट्यावर टेकलेला हात काढला नाही. म्हातारीच्या डोळ्यांत त्यानं खोटं शोधलं. कणव शोधली. थट्टासुद्धा शोधून पाहिली. तिचा चेहरा सारवलेल्या ओट्यासारखा होता.

“शेवटचं विचारतो. पुन्हा विचारणार नाही.” शब्द निघाले ते कंडक्टरच्याच आवाजात. त्याला दुसरा आवाज उरलाच नव्हता. “काय बोलला दिगू?”

…

झाडाखालच्या बायांनी माना वर केल्या. सगळ्या त्याच्या डाव्या अंगाला, दिगूच्या जागेकडं बघू लागल्या.

वारा पडलेला होता. एक पान हलत नव्हतं.

माणिकनं परत विचारायला तोंड उघडलं.

बयाक्कानं हात वर केला.

“इचारलंस न्हवं? मग आता तोंड मिट, आन् त्याला बोलू दे.”