टिटवीच्या तीन हाका

पोरांनो, डोंगराखालच्या एका रानात तळ्याकाठी एक टिटवी राहायची. नजर तिखट, जीभ त्याहून तिखट. बिबट्या दिसला तर ती एक हाक द्यायची, साप दिसला तर दोन, शिकारी कुत्री आली तर तीन. एवढी अक्कल त्या रानात दुसऱ्या कुणाला नव्हती. पण तळ्यावर कुणी पाणी प्यायला आलं, की ही डोक्यावर घिरट्या घालून त्याला हाकलायची. वानराला हे असलं काही येत नव्हतं. काहीही दिसो, त्याचं आपलं एकच, ‘खक्’. मात्र झाडावर बसल्याबसल्या तो कोवळा पाला खाली टाकायचा. चितळं खायची, सांबरं खायची, रानडुकरांनाही खाली पडलेली फळं मिळायची.

ज्याची त्याची हाक निराळी. त्या गोंधळात एक पाडस बिबट्यानं नेलं. मग सगळे जमले, की आता धोक्याची हाक एकच ठरवू. टिटवीनं आपल्या तीन हाका समजावल्या. रानडुक्कर म्हणालं, “आभाळ पडेल म्हणून पाय वर करून निजणारी ती तूच ना, बाई? आम्हाला वानरदादाची खक् बरी. कानात बसलीय.” सांबरानं मान हलवली, चितळांनीही. खक् ठरली. वानराला तोंड उघडायची गरजच पडली नाही.

पुढे टिटवीनं काठावरच्या खड्यांत चार अंडी घातली. एका सकाळी गवतात साप निघाला. टिटवी दोनदा ओरडली, वानरानं ‘खक्’ केलं. बिबट्याच आला समजून चितळांचा कळप उधळला, तो थेट अंड्यांवरून. एकच अंडं वाचलं.

“नुसता साप होता,” टिटवी म्हणाली. “जागेवर थांबला असतात तरी भागलं असतं. मी दोन हाका दिल्या होत्या.”

कळपातली म्हातारी हरणी म्हणाली, “तू रोजच ओरडतेस, बाई. आम्हाला वाटलं, नेहमीसारखी हाकलतेयस.”

दुपारी तीच हरणी पाण्यावर आली. टिटवी अंड्यावर बसून राहिली, हाकलायला उठली नाही. पोटभर पाणी पिऊन हरणी जायला वळली, मग थांबली. म्हणाली, “दोन म्हणजे साप. आणि तीन म्हणजे काय म्हणालीस?”

तात्पर्य, पटो न पटो : ज्याचे सोबती चार कळपांत, त्याचीच रीत रानात चालते, मग ती ओबडधोबड का असेना. आपली रीत चांगली असेल, तर ती सांगण्याआधी सोबती जोडा.